दोरी परक्याच्या हातात

पत्रक वाटणं हे काम बाहेरून दिसतं तेवढं बिनडोक्याचं नाही. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकातून माणसं लोंढ्याने बाहेर पडतात. कुणाला पोलादपूरची गाडी गाठायची असते, कुणाला बाजार करायचा असतो. तेवढ्यात त्याच्या हातात कागद गेला पाहिजे. कागद छातीच्या उंचीवर धरायचा, मथळा त्याच्याकडे करून. हसायचं नाही, हसलं की त्याला वाटतं ही बाई काहीतरी विकते आहे. आणि कागद दिल्यावर त्याच्याकडे बघत राहायचं नाही. बघितलं की तो लाजून कागद खिशात कोंबतो, नाही बघितलं तर चालता चालता वाचतो.

महाडच्या कारखान्यांच्या फाटकांवर मी हे काम करते. कंत्राटी कामगारांच्या जिवासाठी भांडणारी आमची लहानशी संघटना आहे; एक खोली, एक कपाट आणि एक रुसका प्रिंटर. पोरं मला पत्रकवाली म्हणतात, मोठी माणसं ताई म्हणतात, कंपन्यांचे अधिकारी काय म्हणतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मला अजून तिशी लागलेली नाही. तरी संपादकांनी अनुभव लिहायला सांगितलं, कारण या कामात चार पावसाळे टिकलेलं माणूस जुनं धरतात.

माझ्या पत्रकांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. पोलादपूरच्या स्टँडवर मी त्यांत भजी बांधलेली पाहिली आहेत. पाचाडच्या एका खानावळीत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझ्याच मथळ्याची घडी सापडली होती. टेबल स्थिर झालं होतं, म्हणजे पत्रक अगदीच वाया गेलं नव्हतं. पण एका पत्रकाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायची तर आधी एक प्रश्न सांगावा लागेल. त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिलं नव्हतं.

माणूस टाकीत गुदमरतो, तर तो बाहेर का येत नाही?

नवख्या वाचकासाठी थोडं काम समजावते. रसायनाच्या कारखान्यात रिअॅक्टर असतो. रिअॅक्टर म्हणजे माल शिजवायचं झाकणबंद प्रचंड पातेलं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक असतं. माल काढला की बुडाला खरवड राहते, दुधाच्या पातेल्याला राहते तशी. ती खरवडायला माणूस आत उतरवतात. आतल्या वाफांनी पेट घेऊ नये म्हणून रिअॅक्टरमध्ये आधी नायट्रोजन सोडून ठेवलेला असतो. माणूस उतरवण्यापूर्वी तो नायट्रोजन ताज्या हवेने पुरता घालवायचा, त्याच्या नळाच्या तोंडाला लोखंडी तबकडी ठोकून तो बंद करायचा, आणि यंत्राने आतला ऑक्सिजन मोजायचा, असा नियम आहे. यंत्र बहुतेक ठिकाणी असतं. कपाटात असतं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो.

अशाच एका रिअॅक्टरमध्ये एक काका आणि त्यांचा पुतण्या गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही; लिहिलं तर संपादकांना वकिलाची नोटीस येईल आणि मला पुढचं पत्रक काढायला वेळ मिळणार नाही. काका आत उतरले आणि पडले. पुतण्या त्यांना काढायला उतरला, तोही त्यांच्या अंगावर पडला. कंपनी म्हणाली की आम्ही फलक लावला होता. खरंच लावला होता, मी तो वाचला: ‘आत घुसमटल्यासारखे वाटल्यास त्वरित बाहेर यावे.’ म्हणजे मेलेल्या माणसांनीच शिस्त मोडली होती. कुणी म्हणालं, प्यायले असतील. काका माळकरी होते.

माझं डोकं फिरलं होतं. पण पत्रक लिहायला बसले तेव्हा राग पुरेना. शिडी काकांच्या हाताशी होती. धट्टाकट्टा माणूस. जीव गुदमरायला लागल्यावर मांजरसुद्धा पिशवी फाडते. मग यांनी हात का वर केला नाही? हे मला कळत नव्हतं, आणि जे मला कळत नाही ते मी दुसऱ्याच्या हातात कसं देणार?

महाडात एक डॉक्टरबाई आहेत. त्या दोघांना त्यांच्याकडेच आणलं होतं, उशीर झाल्यावर. मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन तोच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तराऐवजी माझ्या बोटाला चिमट्यासारखं ते यंत्र लावलं, जे कोरोनात घरोघरी झालं होतं, आणि म्हणाल्या, श्वास रोखून धर.

मी धरला. थोड्या वेळाने छाती भरून आली. मग पोट आतून ढुसण्या द्यायला लागलं, कान तापले, डोळ्यांत पाणी आलं आणि मी भस्सकन सोडला.

“का सोडलास?”

“ऑक्सिजन संपला.”

“आकडा बघ.”

आकडा सुरुवातीला होता तिथेच होता. मी यंत्र बिघडलंय म्हणाले. त्यांनी ते स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं, मग पुन्हा माझ्या. पुन्हा रोखला, पुन्हा सोडला. जीव जायची पाळी आली तरी आकडा ढिम्म.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. कवटीच्या बुडाशी, मान जिथे सुरू होते तिथे, मेंदूचा देठ आहे. श्वासाचा ताल तिथे धरला जातो, आपल्याला न विचारता, जन्मल्यापासून. तिथून निघालेला निरोप मज्जातंतूंवरून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यापर्यंत जातो, पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. आपण, म्हणजे आपली इच्छा, त्या देठाला थोडा वेळ गप्प बसवू शकतो. बोलताना, गाताना, बुडी मारताना आपण तेच करतो. पण थोडाच वेळ. मग तो आपल्याला ढकलून स्वतःच श्वास घेतो.

आता खरी गंमत. देठ हे ठरवतो कशावरून? माणसाचं शरीर ही चूल धरा. ऑक्सिजन म्हणजे लाकूड, आणि आपण बाहेर सोडतो तो कार्बन डायऑक्साइड म्हणजे धूर. देठ मुख्यतः लाकडं मोजत नाही. तो धूर मोजतो. धूर साठला की रक्त किंचित आंबट होतं, देठाजवळच्या पेशींना तो आंबटपणा कळतो आणि त्या घंटा वाजवतात. जीव गुदमरतो म्हणतात ते हेच. माझ्या पोटाने ढुसण्या दिल्या त्या धुरासाठी. लाकडं अजून भरपूर होती.

लाकडांवर कुणाचीच नजर नाही का, मी विचारलं. आहे, त्या म्हणाल्या. गळ्यापाशी, जबड्याखाली जिथे नाडी लागते तिथे, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे दोन पहारेकरी आहेत. ते ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात. पण ते उशिरा ओरडतात, आणि नुसत्या नायट्रोजनमध्ये त्यांचं ओरडणं ऐकायला कुणी जागं राहत नाही. कारण तिथे माणूस श्वास घेतोच आहे. धूर व्यवस्थित बाहेर पडतो आहे. घंटा वाजायचं कारणच नाही. फक्त लाकूड येत नाही. उलट रक्तातला ऑक्सिजनच फुप्फुसातून बाहेर निघून जातो. दोन-चार श्वासांत दिवा जातो.

“पण शरीराने असं का केलं?” मी विचारलं. मला खरंच राग आला होता, शरीराचा.

“शरीराला कुठे माहीत होतं?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ऑक्सिजन नाही पण धूरही नाही, अशी खोली निसर्गात सहसा सापडत नाही. ती माणसाने बनवली.”

त्या रात्री मी मथळा लिहिला: ‘घुसमट होणार नाही. म्हणूनच मराल.’ संघटनेतले ज्येष्ठ म्हणाले, फार भीतीदायक आहे. मी म्हटलं, आहेच. त्या फलकावरचा हुकूम पाळणं माणसाच्या मेंदूला शक्यच नव्हतं, आणि न पाळल्याबद्दल दोन मेलेल्या माणसांना दोषी धरलं होतं. त्यापेक्षा भीती बरी.

फाटकावर हे पत्रक वाचून माणसं परत यायची. पत्रक घेऊन परत आलेला माणूस हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मान. सगळ्यांचं म्हणणं एकच: ताई, नायट्रोजन तर हवाच ना? एका सुरक्षा अधिकाऱ्याने तर मला ऐकवलं की नायट्रोजन विषारी नाही, आपण रोज छातीत भरतो त्यात सगळ्यात जास्त तोच. बरोबरच होतं त्याचं. भिंतही विषारी नसते, पण अंगावर पडली की माणूस मरतो.

परत येणाऱ्यांत एक बाबूकाका होते. टाक्या साफ करणाऱ्या टोळीचे मुकादम. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या वाटेवर दोन वाड्या आहेत, एक वर, एक खाली. बाबूकाका वरच्या वाडीतले, आणि त्यांची अख्खी टोळी त्याच वाडीतली, एकाच भावकीतली. त्यांनी पत्रकाची घडी केली आणि म्हणाले, हे वाडीवर येऊन सांगा. हितं उभ्या उभ्या नाय कळायचं.

मी गेले. सुट्टीचा दिवस बघून देवळापुढच्या अंगणात सगळी जमली, बायकासुद्धा. डॉक्टरबाईंचं यंत्र मागून नेलं होतं. श्वास रोखायची शर्यत लावली. माझ्या आयुष्यात इतकी यशस्वी सभा दुसरी झाली नाही. एकेक जण गाल फुगवून लाल होतोय, बाकीचे खिदळतायत, आणि प्रत्येक जण फुटल्यावर आकडा बघून म्हणतोय, खोटा हाय. टोळीतले दोन भाऊ, संतोष आणि नितेश, शेवटपर्यंत टिकले. थोरला संतोष जिंकला. नितेश म्हणाला, “त्याच्या डोक्यात जागा रिकामी हाय, थितं हवा भरून ठेवतो.”

मग प्रश्न सुरू झाले, आणि ते माझ्या पत्रकात नव्हते. एका सुनेने विचारलं, तिचं पोर हट्टाने रडता रडता श्वास धरतं, निळं पडतं, मान टाकतं आणि मग आपोआप घ्यायला लागतं, ते कसं? मला त्या क्षणी इतका आनंद झाला. म्हटलं, हट्ट वरचा मेंदू करतो. पोर बेशुद्ध पडलं की हट्ट सुटतो आणि देठ काम हातात घेतो. तरी एकदा डॉक्टरला दाखव. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, झोपेत कोण घेतो श्वास? मी म्हटलं, तोच देठ.

“म्हंजे आपन मालक नाय,” म्हातारा म्हणाला.

“अर्ध्या वेळचे मालक.”

“मंग ठीक हाय. जमिनीचंबी तसंच हाय.”

नायट्रोजनचं मात्र त्यांना पटत नव्हतं. घंटा न वाजता माणूस पडतो म्हणजे काय? तेव्हा संतोष बोलला. लहानपणी सावित्रीच्या डोहात ते दोघे कपारीतले मासे हाताने धरायचे. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून संतोष आधी भराभरा, जोरजोरात श्वास घ्यायचा आणि मग बुडी मारायचा. एकदा तो वर आलाच नाही. नितेशने खाली जाऊन केसांना धरून ओढून काढला.

“गुदमरला होतास?” मी विचारलं.

“नाय. झ्याक वाटत व्हता. मासा दिसत व्हता समोर. मंग डायरेक नितेशचा तोंड दिसला.”

हेच ते. भराभरा श्वास घेऊन त्याने धूर आधीच झाडून टाकला होता. म्हणून लाकूड संपलं तरी घंटा वाजली नाही. आता अंगणातल्या माना हलायला लागल्या. पत्रकातल्या चार परिच्छेदांनी झालं नसतं ते त्या एका माशाने केलं. पण पोहणाऱ्या पोरांसाठी इथे स्पष्ट लिहिते: असा जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारू नका.

मग मी मुख्य मुद्द्यावर आले. म्हटलं, आतला माणूस पडला तर बाहेरच्याने आत उतरायचं नाही. काहीही झालं तरी नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि दोरी हवी, भोकावर तिवई आणि कप्पी हवी, आणि बाहेरच्याने बाहेरूनच ओढायचं.

 संतोष खाली बघत होता. मग म्हणाला, “त्यानं मला काढला व्हता. आता तो पडंल नि मी भाएर उभा ऱ्हाऊ?”

बाबूकाकांनी तेच जरा मोठ्या माणसासारखं सांगितलं. तळीयेला दरड आली तेव्हा कुणी विचारलं होतं का, आणखी माती पडेल का म्हणून? कुदळी घेऊन माणसं चालत सुटली होती. इथे तर सख्खा भाऊ. भाऊ आत मेला आणि हा बाहेर जिवंत राहिला, तर ह्या देवळाची पायरी तो चढेल कसा? “ताई, तुमचा बरोबर हाय,” ते म्हणाले, “पन हे आमच्यानं व्हायचा नाय.”

 मला ज्याचा अभिमान वाटायला हवा तीच गोष्ट त्यांना मारणार होती. एक पडला की दुसरा उतरणार, दुसरा पडला की तिसरा. संघटनेत आम्ही एकजुटीवर इतकी पत्रकं काढली आहेत, आणि इथे एकजूटच टाकीत उतरत होती.

तेव्हा संतोष-नितेशची आई, सुभद्राकाकी, मागून बोलली. चेष्टेत बोलली, पण तिचा आवाज चेष्टेचा नव्हता.

“मंग खालच्या वाडीवाल्याच्या हातात द्या दोरी. तो कशाला उतरतोय? तुमी मेलात तर त्याचा पानी वाढंल.”

अंगण हसलं. मी हसले नाही.

वरच्या आणि खालच्या वाडीचं भांडण पाण्याचं. झरा वरच्या वाडीच्याही वर आहे. खालच्या वाडीने आणलेला पाइप वरच्या वाडीच्या आवारातून जातो, आणि एका उन्हाळ्यात तो कापलेला सापडला. कुणी कापला यावर दोन्ही वाड्यांची मतं ठाम आहेत आणि विरुद्ध आहेत. तेव्हापासून बोलणं बंद, लग्नाचं बोलावणं बंद.

खालच्या वाडीतला अंकुश बाबूकाकांच्याच कंत्राटदाराच्या दुसऱ्या टोळीत होता. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. अंकुश कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला नको वाटावं असं बोलणारा. त्याने विचारलं, म्हणजे ते पडले तर मी उतरायचं नाही, एवढंच ना? मी म्हटलं, एवढंच. तो म्हणाला, “त्ये मला जमंल.”

बाबूकाकांना पटवायला मात्र घाम फुटला. वैऱ्याच्या हातात पोरांचा जीव कसा देऊ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका, तुमच्या हातात दिला तर तुम्ही तो घेऊन आत उडी माराल. कंत्राटदाराचा विरोध नव्हता. दोरी कोण धरतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, तसं दोरीशीही नव्हतं. तिवई आणि कप्पीसाठी मला तीन पत्रकं आणि फाटकावरची एक सभा लागली. ऑक्सिजन मोजायचं यंत्र कपाटातच राहिलं, नळाला तबकडी ठोकायची मागणी ‘विचाराधीन’ राहिली. हे मी विसरलेले नाही, आणि वाचकांनीही विसरू नये: दोरी ही शेवटची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे आत हवा आहे का ते बघणं, आणि ते मालकाचं काम आहे.

आणखी एक नियम मी घातला होता. आतल्या माणसाने सतत बोलत राहायचं. त्याच्या मेंदूची घंटा वाजणार नसेल तर घंटा बाहेर ठेवावी लागते. बोलायला श्वास लागतो आणि शुद्ध लागते. आवाज थांबला की ओढा. नियम सोपा होता. पण बोलणं बंद असलेल्या माणसांनी बोलायचं काय?

पहिल्या दिवशी नितेश आत उतरला आणि गप्प. वर अंकुश दोरी धरून गप्प. शेवटी अंकुशनेच भोकात तोंड घालून विचारलं, “पाइप कोनी कापला?” आतून नितेशने सांगितलं की पाइप उंदरांनी खाल्ला, खालच्या वाडीतलं पाणी चाखून उंदीर मेले. तिथून सुरुवात झाली. पुढे रोज हेच. पाइपावरून सुरू करून दोन पिढ्या मागे जायचे. टोळीतले बाकीचे डबे उघडून ऐकत बसायचे.

ज्या दुपारी हे सगळं कसाला लागलं, त्या दुपारी मी फाटकावर होते. आत काय झालं ते मला चौघांनी सांगितलं आणि चौघांचं जुळलं. रिअॅक्टर साफ करायला घेतला होता. नायट्रोजनच्या नळाला तबकडी नव्हतीच, नुसता व्हॉल्व्ह फिरवून बंद केला होता, आणि तो व्हॉल्व्ह गळका होता. नितेश उतरला. थोडा वेळ खरवडलं. अंकुशने वरून काहीतरी लागट बोलून दाखवलं. नितेश म्हणाला, “तुझ्या बापानं त्या पाइपाला...” आणि थांबला.

अंकुश मला नंतर म्हणाला की तो क्षणभर पुढच्या शब्दाची वाट बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं की नितेश शिवी अर्धी सोडणाऱ्यातला नाही.

त्याने दोरी ताणली. तेवढ्यात संतोष डबा टाकून धावला, भोकाशी आला आणि एक पाय आत घातलादेखील. अंकुशचे दोन्ही हात दोरीत होते. त्याने संतोषच्या बरगडीत गुडघा हाणला.

“मरायचा तर मंग मर. आधी दोरी वढ.”

संतोष त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाय बाहेर घेतला. ही एवढीशी हालचाल, पण त्या वाडीच्या किती पिढ्यांच्या विरुद्ध होती ते मला माहीत आहे. दोघांनी मिळून ओढलं. नितेश वर आला तो राखाडी पडलेला, मान लुळी, छाती हलत नव्हती. देठाने ताल सोडला होता. मोकळ्यावर आडवा केला. देवळापुढच्या अंगणात मी उशीवर करून दाखवलं होतं तसं संतोषने त्याची मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडात फुंकलं. पुन्हा फुंकलं. आणखी काही वेळा. मग नितेशने स्वतःहून एक लांब, घरघरता श्वास ओढला. मग दुसरा.

मी फाटकावरून रुग्णवाहिकेमागे रिक्षाने गेले. पत्रकांचा गठ्ठा मांडीवर तसाच होता.

संध्याकाळपर्यंत नितेश बोलायला लागला. डोकं दुखतंय म्हणाला. मी न राहवून विचारलंच, काय वाटलं होतं? तो म्हणाला, “कायच नाय. जरा हलका वाटला. मी त्याला एक भारी बोलनार व्हतो, त्ये राहून गेला.” त्याला त्याचीच रुखरुख होती. मग त्याने इकडेतिकडे बघून विचारलं, आत कोण उतरलं होतं मला काढायला?

कुणीच नाही, मी सांगितलं.  संतोष दाराशी उभा होता, तो बाहेर व्हरांड्यात निघून गेला.

सुभद्राकाकी वाडीवरून जीपने आली तेव्हा व्हरांड्यात आम्ही तिघे होतो. संतोष भिंतीला टेकून, आणि लांब, दुसऱ्या टोकाच्या बाकड्यावर अंकुश. ती आत जाऊन नितेशला बघून आली. त्याच्या तोंडावरून हात फिरवून आली. मग संतोषसमोर येऊन उभी राहिली.

“तू कुठं व्हतास?”

“भाएर,” संतोष म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. देठ, धूर, नायट्रोजन, सगळं ओठांवर होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

“निरोप आला तवा एकाचंच नाव व्हतं,” ती म्हणाली. “मी वाटंवर दोघांसाटी रडत आली. म्हटलं, एक पडला म्हंजे दुसरा आतच असनार.” मग तिने त्याचा दंड धरला, जत्रेत पोराचा धरतात तसा घट्ट, आणि बराच वेळ सोडला नाही.

अंकुश बाकड्यावरून उठला. त्याला वाटलं असावं की आपली इथे गरज नाही. काकीने त्याला थांबवलं, फडक्यातली भाकरी काढून दिली आणि म्हणाली, “खा. पाइपाचं मी कायबी कबूल करनार नाय.”

“मी मागितलं का?” अंकुश म्हणाला, आणि खाल्ली.

त्यानंतर बोंबाबोंब करून आम्ही बऱ्याच गोष्टी मिळवल्या. यंत्र कपाटातून बाहेर आलं. नळाला तबकडी ठोकूनच माणूस उतरवतात, निदान त्या कारखान्यात. काका-पुतण्यांच्या वेळचा तो घुसमटीचा फलक उतरवला. तो मी मागितला होता, दिला नाही. बाकीच्या फाटकांवर मी अजून उभी आहे. एक गोष्ट मात्र आमच्या कुठल्याच पत्रकात छापता येत नाही. पाइपाचं भांडण मिटवायला दोन्हीकडची शहाणी माणसं मध्ये पडली होती. चळवळीतल्या माणसाने म्हणू नये, पण मी देवाला मानत असते तर ते मिटू नये म्हणून नवस बोलले असते.

अलीकडे एकदा मला त्या कारखान्यात आत सोडलं, पत्रकांची पिशवी फाटकावर ठेवायच्या अटीवर. कामगारांना श्वासाचं समजावून सांगायचं होतं. आधी काम बघा म्हणाले. त्या दिवशी आत अंकुश उतरला होता. खालच्या वाडीच्या माणसांची दोरी आता संतोष धरतो. यंत्राचा आकडा मी स्वतः बघितला, बरोबर होता. संतोष तिवईशी पाय रोवून उभा होता, दोरी दोन्ही हातांत, आणि आतून खरवडण्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला.

“अंकुश,” संतोषने भोकात तोंड घालून हाक मारली. “पाइप कोनी कापला रे?”

उत्तर आलं नाही. संतोषचे दंड ताठ झाले. शेजारचा मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी श्वास धरला होता हे मला पोटाने पहिली ढुसणी दिली तेव्हा कळलं. माझी घंटा वाजत होती, चोख.

“तुझ्या आज्यानं,” खालून लोखंडातून घुमत आवाज आला. “हत्यार बदलत व्हतो, जरा दम धर.”

मी श्वास सोडला. मॅनेजरनेही सोडला. संतोषने दोरी जराशी सैल केली आणि आपल्या आजोबांच्या बाजूने बोलायला सुरुवात केली.